कोटणीस गेले, सुई आली

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत असतात. म्हणजे एवढंच की ते चीनला गेले, तिथल्या सैनिकांवर उपचार केले आणि तिथेच वारले. कुणाला जुन्या सिनेमांचं वेड असेल तर त्याने व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' पाहिलेला असतो. तो सिनेमा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या पुस्तकावर बेतलेला. पुस्तकाच्या नावाचा अर्थ साधारण असा, की 'आणि एकजण परत आला नाही'.

आता मंडळी, एक परत आला नाही, म्हणजे बाकीचे परत आले. ते कोण होते आणि त्यांनी येताना काय आणलं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. गेल्या दोन-तीन शनिवार-रविवारी जमेल तसं वाचत गेलो तेव्हा कळलं की आज पुण्यात, बारामतीत, सोलापुरात जागोजागी 'ॲक्युपंक्चर'च्या पाट्या दिसतात, त्या सुईचा आपल्या देशातला धागा याच पथकापर्यंत जातो. फक्त तो कोटणीसांच्या हातात नाही, त्यांच्या सोबत्याच्या हातात आहे.

या वाचनाला कारण झाली मावशी. मावशी कोऱ्हाळे बुद्रुकला असते, बारामती-नीरा रस्त्यावर. सगळा जन्म उसाच्या रानात वाकण्यात गेला, त्यामुळे गुडघे कामातून गेलेले. मागच्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून तिने सुया टोचून घेतल्या आणि तिला गुण आला. खरंच आला. पूर्वी जिना चढायला रडायची, आता कुरकुरत का होईना, चढते. तिचा नातू चार वर्षांचा आहे. सातव्या महिन्यात जन्मला, पाय ताठर आहेत, अजून धरून धरून चालतो. पुण्याच्या डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं निदान केलंय आणि फिजिओथेरपी लावलीय. तर मावशीने मला फोन केला. "तू कंप्युटरवर बघून सांग बाबा. मला गुण आला, मग पोराला का नाही येणार? चाळीस वेळा जावं लागंल म्हणत्यात. पाच हजार वर्षांचं शास्त्र हाय म्हणं."

आमच्या घरात सॉफ्टवेअरवाला म्हणजे लग्नाच्या पत्रिकेच्या डिझाइनपासून पोराच्या पायापर्यंत सगळ्याचा तज्ज्ञ. असो. पण प्रश्न गमतीचा नव्हता. चाळीस वेळा म्हणजे चाळीस दिवसांची मजुरी बुडणार, येण्याजाण्याचा खर्च, आणि त्या काळात फिजिओथेरपी मागे पडायची भीती. मी सुरुवात केली ती तिच्या शेवटच्या वाक्यापासून. पाच हजार वर्षं.

ही पाच हजार वर्षं सगळ्या पाट्यांवर असतात. पण हिशोब काही जुळत नाही. चीनमध्ये मावांगदुई नावाच्या ठिकाणी इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ साली उघडली. आत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. त्यात शरीरातल्या वाहिन्यांची वर्णनं आहेत, वाळलेल्या पाल्याची धुनी जवळ धरून शेक द्यायची रीत आहे (तो पाला म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती), पण सुया टोचण्याचा उल्लेख नाही. सुयांचं शास्त्र नीट मांडलेलं सापडतं ते 'हुआंगदी नेइचिंग' या ग्रंथात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी. दोन हजार वर्षं हीसुद्धा काही थोडी नाहीत. उरलेली तीन हजार पाटी रंगवणाऱ्याने घातलेली.

आणि त्या ग्रंथातली सुई म्हणजे मावशीला टोचली ती केसासारखी स्टीलची सुई नव्हे. तिथे नऊ प्रकारच्या सुया सांगितल्यात. त्यातली एखादी गळू फोडायला लागणाऱ्या पात्यासारखी, एखादी रक्त काढायची. म्हणजे आपल्याकडे पूर्वी जळवा लावायचे, तुंबड्या लावायचे, शीर तोडून रक्त काढायचे, त्याच घरातली ही भावंडं.

पुढे तर चिनी लोकांनीच ती टाकून दिली होती. १८२२ साली बादशहा ताओक्वांगच्या दरबाराने शाही वैद्यक संस्थेतून सुयांचा विभाग बंद केला. सुया टोचणारे राहिले ते गल्लीबोळातले, गावोगाव फिरणारे. १९२९ साली चीनच्या राष्ट्रवादी सरकारपुढे जुनं वैद्यक हळूहळू बंदच करावं असा ठराव आला. देशभरातल्या वैद्यांनी मोठा विरोध केला म्हणून तो बारगळला. त्याच सुमारास चंग दान-आन नावाच्या वैद्याने सुईचं रूपच बदललं. त्याने आधुनिक शरीररचनेचा अभ्यास केला, टोचायच्या जागा रक्तवाहिन्यांपासून दूर सरकवल्या, जाड सुया सोडून बारीक सुया धरल्या, जपानला जाऊन तिथली पद्धत पाहून आला. आज जगभर भिंतीवर लटकणारा तो ठिपक्याठिपक्यांचा माणूस बराचसा त्याच्या पिढीने घडवलाय. आमच्या धंद्यात याला नाव तेच ठेवून आतला कोड नव्याने लिहिणं म्हणतात. बाहेरच्याला वाटतं जुनीच प्रणाली चालू आहे :)

आता येऊ आपल्या माणसांकडे.

१९३७ साली जपानने चीनवर मोठा हल्ला चढवला. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू. लोकांकडून वर्गणी जमली, २२ हजार रुपये, आणि पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदन मोहनलाल अटल प्रमुख, ते त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, म्हणजे पाचात दोन मराठी, पण चोळकरांचं नाव आपण पार विसरलोय. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजॉय कुमार बसू. आणि मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले, वय वर्षं २७, सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोटीने मुंबई सोडली.

चुंगकिंगला असताना शांतिनिकेतनच्या चिनी भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले क दीहुआ, बसू झाले बा सुहुआ. चुंगकिंगलाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परत फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. कम्युनिस्टांचा हा तळ म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहा. दवाखानाही गुहेतच.

चोळकर आणि मुखर्जी लवकर परतले, अटलही गेले. कोटणीस आणि बसू पुढे आघाडीवर गेले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेत झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये संचालक झाले. ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. (तो मुलगाही १९६७ साली, पंचविशीतच गेला. सिनेमा तिथवर जात नाही.)

कोटणीस शल्यविशारद होते. त्यांचं काम होतं गोळ्या काढणं, पाय कापणं, जखमा शिवणं. सुईशी त्यांचा संबंध टाके घालण्यापुरता. हे मुद्दाम लिहितोय, कारण कोटणीसांचं नाव ॲक्युपंक्चरला इतकं चिकटलंय की लुधियानात १९७५ पासून त्यांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. सोलापूरच्या सर्जनचं नाव, पंजाबातलं रुग्णालय आणि आत चिनी सुया. हे कसं झालं?

तर मुद्दा असा की कोटणीस गेल्यावर दोनच वर्षांत येनानमध्ये एक गोष्ट घडली. या प्रदेशाची चहूबाजूंनी नाकेबंदी होती. औषधं येत नव्हती, डॉक्टर मूठभर. ३० ऑक्टोबर १९४४ च्या भाषणात माओने आकडे मांडले: या सीमाप्रदेशात १५ लाख लोक, त्यात १० लाखांवर निरक्षर, आणि मांत्रिक २ हजार. जुन्या पद्धतीचे वैद्य आणि जनावरांचे वैद्य मिळून हजारावर. नव्या डॉक्टरांनी या जुन्या वैद्यांना बरोबर घेऊन सुधारलं नाही, तर ती मांत्रिकांनाच मदत होईल, असं त्याचं म्हणणं. वाचताना मला हसू आलं. आपल्याकडच्या कुठल्याही तालुका आरोग्य अधिकाऱ्याला हे भाषण आपलंच वाटेल. यात पाच हजार वर्षांचा अभिमान कुठेच नाही. हाताशी आहे त्यात भागवायचं, बस्स.

त्या हाकेला ओ देऊन रेन झुओतिएन नावाचा जुना वैद्य पुढे आला आणि मी तुम्हाला सुया शिकवतो म्हणाला. शिकणाऱ्यांत झू लिएन नावाच्या बाई होत्या, पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टर. एप्रिल १९४५ मध्ये येनानच्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयात सुयांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. आधुनिक रुग्णालयात सुई अधिकृतपणे शिरली ती अशी. रुग्णालयाचं नाव ओळखीचं वाटलं ना? कोटणीसांचं आघाडीवरचं, हे येनानचं. नावाने एक, जागेने दोन. झू लिएनबाईंनी पुढे १९५१ साली 'नवे ॲक्युपंक्चर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी 'ची' नावाच्या प्राणशक्तीपेक्षा मज्जासंस्थेच्या भाषेत सगळं समजावून सांगितलं. पुस्तकाच्या नावात 'नवे' आहे, हे पाटीवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं. १९४९ नंतर नव्या सरकारला कोट्यवधी लोकांना स्वस्तात उपचार द्यायचे होते, त्यामुळे सुई देशाचं धोरणच झाली. गमतीचा भाग म्हणजे माओचा खासगी डॉक्टर ली झीसुई याने १९९४ च्या आठवणींत लिहिलंय की माओ स्वतः चिनी औषध घ्यायचा नाही, आपला त्यावर विश्वास नाही असं म्हणायचा.

डॉ. बसू १९४३ साली भारतात परतले, ते बंगालच्या दुष्काळात. येनानमध्ये चार वर्षं काढलेला डाव्या विचारांचा डॉक्टर. त्यांची या सगळ्या प्रवासाची दैनंदिनी पुढे 'कॉल ऑफ येनान' या नावाने पुस्तकरूपात आली. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले. आता तिथे सुई रुग्णालयांत शिकवली जात होती. ती ते शिकले आणि १९५९ साली कलकत्त्यात सुयांनी उपचार करू लागले. भारतात ॲक्युपंक्चर सुरू झालं ते इथून. म्हणजे 'परंपरा' म्हणावी तर तिचं वय साठ-सत्तर वर्षं, आणि ती आणणारा माणूस आधुनिक वैद्यकाचा पदवीधर.

वेळ मात्र वाईट. तीनच वर्षांत, १९६२ ला, चीनशी युद्ध झालं. त्यानंतर कलकत्त्यात चिनी सुया घेऊन बसणं कसं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. इथे कामाला आलं ते कोटणीसांचं नाव. चीनशी मैत्रीचं प्रतीक म्हणून ज्याच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं असा एकच माणूस होता, आणि तो वारलेला होता. बसू कोटणीस स्मारक समितीत आघाडीवर होते. या समितीच्या दवाखान्यांतून सुई बंगालभर आणि बंगालबाहेर गेली. लुधियानाच्या पाटीवर सोलापूरचं नाव कसं आलं, याचं उत्तर हे आहे. शिकलेल्याने सुई आणली आणि न परतलेल्या मित्राच्या नावाने चालवली. मला स्वतःला या गोष्टीत सिनेमापेक्षा जास्त जीव वाटतो. बसू १९८६ साली गेले. पश्चिम बंगाल सरकारची ॲक्युपंक्चरची प्रशिक्षण संस्था त्यांच्या नावाची आहे.

महाराष्ट्रात ही लाट नंतर आली, आणि ती नुसती कलकत्त्याहून नाही. भारतातले अनेक डॉक्टर श्रीलंकेत कोलंबोला जाऊन अँटन जयसूर्यांकडे शिकून आले. शिवाय तोवर सगळ्या जगालाच सुयांचं वेड लागलं होतं. त्याचं निमित्त म्हणजे एक अपेंडिक्स. न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन जुलै १९७१ मध्ये पेकिंगला असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. २६ जुलैला त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि पुढच्या फेब्रुवारीत निक्सन चीनला गेले. तेव्हापासून आजतागायत लोक सांगतात की रेस्टनचं ऑपरेशन भूल न देता, नुसत्या सुया टोचून केलं. साफ खोटं. भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती. सुया टोचल्या त्या ऑपरेशननंतर पोटात गॅस धरला तेव्हा, उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली. लेखात हे सरळ लिहिलंय. पण लेख वाचतो कोण!

पाटीवरची दुसरी ओळ असते, 'जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेले आजार'. १९७९ साली पेकिंगमध्ये एक परिसंवाद झाला, त्यात चाळीसहून अधिक आजारांची यादी निघाली. त्या यादीसोबतच म्हटलं होतं की ती डॉक्टरांच्या अनुभवावर आधारलेली आहे, काटेकोर चाचण्यांवर असेलच असं नाही. यादी पाटीवर आली, ते वाक्य वाटेतच गळलं.

आता मावशीच्या गुडघ्यांना गुण कसा आला? तो तर मी डोळ्यांनी पाहिलाय.

जर्मनीत पाठदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २००७ साली आले. तीन गट केले. एका गटाला रीतसर ॲक्युपंक्चर. दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचल्या पण भलत्याच जागी आणि वरवर. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, गोळ्या आणि व्यायाम. सहा महिन्यांनी बरं वाटणारे किती? खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के, नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के.

हे तीन आकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. सुयांवाल्यांना वाटेल जिंकलो, कारण गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त लोकांना बरं वाटलं. संशयवाल्यांना वाटेल जिंकलो, कारण सुई कुठेही टोचली तरी जवळपास तेच. आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आधीपासून आहे: हातगुण. अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं आपली आजी म्हणायची, तेव्हा ती औषधाबद्दल बोलत नसायची. अर्धा तास शांत पडून राहायचं, कुणीतरी लक्ष देऊन नाडी बघतंय, हात लावतंय, विचारपूस करतंय. उसाच्या रानात राबलेल्या बाईची आयुष्यात अशी विचारपूस किती जणांनी केली असेल? दुखणं हे मेंदूतच कमी-जास्त होतं, त्यामुळे हातगुणाने दुखणं कमी होणं हे खोटं नाही. नंतर हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासांत खरी सुई खोट्या सुईच्या थोडी पुढे दिसते, पण थोडीच. जर्मनीच्या आरोग्य विम्याने पाठ आणि गुडघे या दोन दुखण्यांसाठी सुयांचा खर्च द्यायचं ठरवलं. मला यात काही गैर वाटत नाही. मावशीने जरूर जावं.

पण नातवाचं तसं नाही. त्याचं दुखत नाहीये. त्याच्या मेंदूच्या ज्या भागाला जन्माच्या वेळी इजा झाली, तो भाग हातगुणाने भरून येत नाही. सेरेब्रल पाल्सीवर सुयांच्या चाचण्या झाल्यात, बहुतेक चीनमध्ये, छोट्या छोट्या, आणि सुयांबरोबर व्यायामही चालूच. त्यावरून सुयांनी मूल चालायला लागतं असं म्हणता येत नाही. स्वमग्न मुलांबाबतही तेच, २०११ सालच्या मोठ्या आढाव्यात ठोस फायदा सापडला नाही. मुलांमध्ये त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो एका साध्या गोष्टीचा: ऑपरेशननंतरच्या मळमळीला मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूवर दाब दिला तर उलट्या कमी होतात. तिथे सुईही लागतेच असं नाही. आणि जपान्यांनी तर लहान मुलांसाठी 'शोनिशिन' नावाची वेगळी पद्धतच काढली. तिच्यात सुई टोचतच नाहीत, बोथट अवजाराने कातडीवर हलकेच घासतात, थोपटतात. पोर टोचण्याला भितं हे त्यांनी मान्य केलं, एवढंच मला त्यात आवडलं.

मुलांच्या बाबतीत इतिहासात एक प्रकरण असंही आहे, जे वाचून मी मावशीला लगेच फोन केला नाही, दोन दिवस थांबलो. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६८-६९ च्या सुमारास, चिनी सैन्याची वैद्यकीय पथकं मूकबधिर मुलांच्या शाळांत गेली आणि सुयांनी ती मुलं ऐकायला-बोलायला लागली असं जाहीर झालं. माओविचारांचा चमत्कार म्हणून भित्तिपत्रकं निघाली. चित्रांत सैनिक डॉक्टर सुई टोचतोय आणि मूल हसतंय. ते दावे पुढे टिकले नाहीत. त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला कानामागे रोज सुया हव्यात का. मोठ्या माणसाला सुई नको वाटली तर तो उठून जातो. मुलाचे हात आईने धरलेले असतात.

हे फक्त चीनचं आहे असं समजायचं कारण नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. आपल्याकडच्या गावांत बिब्ब्याचे डाग असलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. सगळ्यांच्या आयांनी ते प्रेमानेच केलेलं.

हल्ली 'ॲक्युपंक्चर मूळचं आपलंच, सूचीवेध' असे संदेशही फिरतात. पुराव्याने तसं दिसत नाही. सुश्रुतसंहितेत बाळाचे कान टोचायचा विधी आहे, तो रक्षणासाठी आणि दागिन्यासाठी. शीर टोचून रक्त काढायचंही सविस्तर आहे. पण बारीक सुया ठरावीक बिंदूंवर टोचून ठेवायच्या असं शास्त्र त्यात नाही. कान टोचण्यावरून आपली म्हण मात्र इथे अगदी चपखल बसते. सोनारानेच कान टोचावे लागतात.

सुईचा सोनार कोण, हे ठरवायला सरकारला बराच वेळ लागला. पश्चिम बंगालने १९९६ साली कायदा केला, बसूंचंच राज्य ते. २५ नोव्हेंबर २००३ ला केंद्राने सांगितलं की ॲक्युपंक्चर ही उपचाराची एक रीत आहे, नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी ती करावी. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा, त्यातून राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आली. तिच्याकडे उपचार करणाऱ्यांची नोंदणी होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मानली. आता, नोंदणी म्हणजे सुई टोचणारा शिकलेला आहे एवढंच. सुईने अमका आजार बरा होतो, असं सरकारने लिहून दिलेलं नाही. पाटीवर हे दोन्ही एकाच ओळीत बसवतात.

नोंदणीचा फायदा साध्या गोष्टींत आहे. १९८४ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये एकाच ॲक्युपंक्चर दवाखान्यातून ३५ जणांना हिपॅटायटिस बी झाला होता. आता एकदाच वापरायच्या सुया मिळतात, आपल्यासमोर पाकीट फोडायला सांगायचं. छातीवर खोल टोचलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते, क्वचित घडतं पण घडतं.

मी मावशीला फोनवर यातलं बरंचसं सांगितलं. येनान आणि माओ वगळून, कोटणीस मात्र सांगितले, कारण सिनेमा तिने टीव्हीवर पाहिला होता. सुया तुझ्यासाठी ठीक, पोरासाठी नको. चाळीस फेऱ्यांचे पैसे आणि दिवस आहेत ते व्यायामाला द्या, तो एक दिवसही चुकवू नका. आणि तिथे पुन्हा गेलीस तर नोंदणी क्रमांक विचार. तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्हंजे मला आला तो गुण खोटा का?"

"नाही मावशी, खराय."

"मग बास."

नातवाची फिजिओथेरपी चालू आहे. आठवड्यातून तीनदा बारामतीला, बाकीचे दिवस घरी ओसरीवर. त्याची आई पाय ताणून धरते आणि शंभरपर्यंत आकडे मोजते. आकडे त्यालाही पाठ झालेत. साठनंतर तो मुद्दाम दोन-दोन सोडून म्हणतो.